जखम भरली म्हणजे रोग गेला का?



आज ज्या विषयावर चार शब्द बोलायचे आहेत, तो घरात काढायला आपण लाजतो. पण लाजेपायी लेकराच्या आयुष्याचे नुकसान होत असेल, तर ती लाज बाजूला ठेवलेली बरी.

मागल्या दिवाळीत ओळखीचे एक शेतकरी माझ्याकडे आले. बावीस वर्षांचा मुलगा पुण्याकडे कामाला. सुट्टीत घरी आला तो गप्पगप्प. शेवटी आईजवळ बोलला, की गुप्त जागी जखम झाली होती. वडील मला म्हणाले, "गुरुजी, आता कायले नेता त्याले दवाखान्यात? जखम तं भरली. तपासलं अन् गवगवा झाला तं लोक काय म्हनतीन? फाल्गुनात लगन करतो म्हनलं त्याचं."

बापाची काळजी खोटी नव्हती. पण तिची दिशा चुकली होती. आपण कापूस पिकवणारी माणसे. गुलाबी अळी बोंडात शिरली, की तिचे भोक बुजून जाते. बोंड वरून हिरवेगार दिसते, आणि आत सरकी खाल्ली जात असते. गरमी, म्हणजे डॉक्टरांचा सिफिलिस, असाच आहे. त्याची पहिली जखम बहुधा दुखत नाही. औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत ती भरून येते. जखम जाते, रोग शरीरात राहतो. पुढे अंगावर पुरळ उठते, तेही जाते. उपचार झाला नाही, तर कित्येक वर्षांनी तो हृदयावर किंवा मेंदूवर घाला घालू शकतो. मध्यंतरी लग्न झाले, तर बायकोला आणि तिच्या पोटातल्या बाळालाही तो होऊ शकतो.

आणि तपासणी किती? दंडातून थोडे रक्त. रोग सुरुवातीला सापडला, तर बहुधा पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो. त्याच वेळी एच.आय.व्ही.चीही तपासणी करून घ्यावी. लागण नुकतीच झाली असेल, तर ती लगेच दिसत नाही. म्हणून डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हा जावे. स्टँडच्या भिंतीवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांच्याकडे मात्र जाऊ नये. अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठावे. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

राहिला गवगव्याचा प्रश्न. एच.आय.व्ही.संबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. मुलगा सज्ञान असेल, तर संमती त्याची आणि निकालही त्याचाच. बापाने जबरदस्ती करू नये, सोबत करावी. शिक्षकांना एक सांगतो. मूल अठरा वर्षांखालचे असेल आणि त्याच्यावर अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे हे कर्तव्यच आहे. तेथे घराण्याच्या अब्रूची सबब चालत नाही.

लपवलेल्या रोगाचे दुःख अमरावतीला नवे नाही. कुष्ठरोग्याला लोक घराबाहेर काढीत, म्हणून माणसे चट्टे झाकून ठेवीत. त्यांच्यासाठी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. रोग्याला दूषण दिले, की तो रोग लपवतो. घरातही हेच घडते.

त्या बापाला मी एवढेच म्हटले, "आधी तपासणी, मग लग्नाची तारीख. आणि पोराला 'कोठे गेला होतास' हे विचारू नका." दुसऱ्या दिवशी दोघे पहिल्या एस.टी.ने गेले. वडील बाहेर बाकावर बसले, मुलगा आत गेला. निकाल काय आला, ते मी विचारले नाही. वडील मात्र सांगत होते, "येताना पोट्टं रस्ताभर माह्याशी बोलत होतं."