ओळख पटवा, मगच ठेव सोपवा
(वार्षिक समारंभातील भाषण)



लोणावळा आणि मावळातील आपली कितीतरी मुलेमुली लोकलने पुण्याला जाऊन संगणकाचे शिक्षण घेतात. नोकरीत लागताच त्यांच्यावर एक काम सोपविले जाण्याचा संभव असतो. रोज रात्री ठराविक वेळी एका संगणकावरील फाईली दुसऱ्याकडे आपोआप पोचतील अशी स्क्रिप्ट लिहावयाची. काम किरकोळ वाटते. परंतु त्या फाईलींत कुणाचा पगार असतो, कुणाच्या आजाराचा अहवाल असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जातील आधार क्रमांक व बँकेचे खाते असते. ही लोकांची अमानत आहे.

पूर्वी फाईली एफटीपीने जात. तीत पासवर्डही पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जाई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड चोरीस गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. आजची एसएफटीपी तिच्याच आधाराने चालते. मजकूर कुलपात बंद होऊन जातो. पण पेटी भलत्याच्याच हाती दिली तर कुलपाचा काय उपयोग?

म्हणून सर्व्हरला स्वतःची मोहर असते. तिला होस्ट की म्हणतात. तिचा गुप्त भाग सर्व्हरपाशी राहतो, उघड भाग आपल्याला मिळतो. पहिल्या भेटीत आपला संगणक त्या कीचा ठसा दाखवून विचारतो, ‘विश्वास ठेवू का?’ पुष्कळजण न वाचताच ‘होय’ म्हणतात आणि पुढचा सारा भरवसा त्या एका शब्दावर उभा राहतो.

मोहरेचे महत्त्व आपल्याला नवे नाही. परदेशचे राजे मोहरेवाचून पत्र स्वीकारीत नाहीत असे कळल्यावर हुजूर पैगंबरांनी (स.) चांदीची मोहरेची अंगठी करवून घेतली. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरही मुद्रा उमटलेली असे.

आता स्क्रिप्ट चालते रात्री दोन वाजता. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणी जागा नसतो. म्हणून काहीजण तपासणीच बंद करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घालतात. हे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे टाकणे होय. योग्य रीत अशी: सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून, आधीपासून माहीत असलेल्या फोनवर, ठसा विचारून घ्यावा, अक्षर न् अक्षर जुळवावे, मगच ती की ‘नोन होस्ट्स’ फाईलमध्ये नोंदवावी. कीस्कॅन ही आज्ञा की आणून देते, तिच्या खरेपणाची ग्वाही देत नाही. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहू नये. त्या कामापुरतेच अधिकार असलेली वेगळी की वापरावी.

कधी मोहर बदलते. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिचा गुप्त भाग थोडा वेळ चुकून उघड झाला होता. जुनी की नोंदलेल्या संगणकांवर इशारा झळकला. कंपनीने नवा ठसा जाहीर केला होता. तो ताडून पाहणे हाच मार्ग होता. मात्र दरवेळी कारण असे निरुपद्रवी असेलच असे नाही. मध्ये कुणी तोतयाही बसलेला असू शकतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, स्क्रिप्ट अडली आणि वरिष्ठांनी घाई केली तरी चौकशीवाचून ‘होय’ म्हणू नका. पालकहो, असे थांबण्याचे धैर्य मुलांना घरातूनच मिळते. एका रात्रीचा उशीर भरून काढता येतो. गेलेली अमानत परत आणता येत नाही.