झोजिलाच्या वाटेवरचा बिनबुरुजाचा रणगाडा



आज मी तुमच्यासमोर एक गाडी घेऊन आलो आहे. लांबी जेमतेम तेरा सेंटिमीटर. कॅमेरा जवळ येईल तोवर तुमच्या मनातली शंका मीच बोलून टाकतो, कारण प्रदर्शनात ती हमखास येते. "काका, याची तोफ कुठे गेली? मोडली का?" मोडलेली नाही, काढून ठेवलेली आहे. ती काढली म्हणूनच हा रणगाडा जिथे पोचायचा तिथे पोचला.

थोडी ओळख. मी सैन्यात ई.एम.ई.मध्ये होतो, म्हणजे बिघडलेली गाडी पुन्हा उभी करणाऱ्या दलात. निवृत्तीनंतर सिकंदराबादला स्थायिक झालो. घरात माझं एक टेबल आहे, भिंगाचा दिवा आहे, आणि सौभाग्यवतींनी घातलेली एक अट आहे: टर्पेंटाइन स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही. त्या टेबलावर या गाडीला चार महिने लागले. त्यातला जोडणीचा महिना एकच. उरलेले तीन महिने मी तिला मळवत होतो. या मळवण्याला आम्ही छंदवाले 'वेदरिंग' म्हणतो. ऊन, पाऊस, धूळ आणि माणसाचा वापर यांच्या खुणा उमटवणं.

आधी गाडीची गोष्ट. १९४८च्या उन्हाळ्यात द्रास आणि कारगिल हातचं गेलं आणि श्रीनगरहून लेहला जाणारी वाट बंद झाली. मध्ये झोजिला खिंड, उंची सुमारे साडेअकरा हजार फूट. सप्टेंबरात पायदळाने केलेले हल्ले वरच्या मशीनगनच्या माऱ्यापुढे अडले. तेव्हा जनरल थिमय्यांनी ठरवलं की खिंडीत रणगाडे न्यायचे. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना सारं सैन्य 'स्पॅरो' म्हणून ओळखतं.

पण रणगाडे होते जम्मूच्या बाजूला. मध्ये बनिहालचा घाट आणि वाटेतले कमकुवत पूल. जवाहर बोगदा तेव्हा नव्हताच, तो १९५६ साली सुरू झाला. मग बुरुज उतरवले आणि वेगळे नेले. वजन कमी झालं आणि ताडपत्री टाकल्यावर ही काय वस्तू आहे ते लांबून कळेना. पूल मजबूत केले. बालतालपासून वर खेचरांची वाट होती, ती मद्रास सॅपर्सनी रणगाडा जाईल इतकी रुंद केली. बालतालला बुरुज पुन्हा चढवले आणि १ नोव्हेंबर १९४८ला रणगाडे खिंडीत शिरले. थिमय्या स्वतः आघाडीच्या रणगाड्यांबरोबर होते. नोव्हेंबर संपायच्या आत कारगिल परत आलं आणि लेहची वाट मोकळी झाली.

या लढाईचं चित्र काढायला सांगितलं तर कुणीही बर्फातून तोफ डागत येणारा रणगाडा काढेल. मी त्याच्या काही दिवस आधीचा क्षण निवडला. बालतालला पोचलेला, बुरुज अजून न चढवलेला, ताडपत्रीखालचा रणगाडा. कारण माझी सगळी नोकरी त्या क्षणात गेली आहे. लढाईची बातमी होते. लढाईच्या जागी पोचण्याची होत नाही. ते काम सॅपर, ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांचं असतं, आणि त्यांचा फोटो क्वचित निघतो.

आता कामाकडे वळू. प्रमाण १:३५, म्हणजे खऱ्या गाडीचे पस्तीस सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. हा आकडा डोक्यात पक्का ठेवायचा. मॉडेलवर एक मिलिमीटर जाडीचा चिखल थापलात तर खऱ्या गाडीवर तो साडेतीन सेंटिमीटर होतो. खालच्या भागात ठीक आहे, वरच्या पत्र्यावर कसा बसेल? रंगाचा टवका मिलिमीटरभर काढलात तर खऱ्या पत्र्यावर तो जवळपास दोन बोटं रुंद झाला. म्हणून टवके ब्रशने काढू नका. स्पंजचा बारीक तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडांना नुसता लावा. चंदेरी रंग बहुतेक ठिकाणी नको. उघडं पडलेलं लोखंड दोन दिवसांत काळपटतं.

ताडपत्री टिश्यू पेपरची आहे. एक पदर सुटा केला, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवला आणि ओला असतानाच पसरला. बुरुज बसतो त्या गोल भोकाची कड ताडपत्रीखालून किंचित उमटली पाहिजे, नाहीतर ते छप्पर वाटतं. दोर म्हणजे शिवणाचा दोरा, मेणावरून ओढलेला, म्हणजे त्याची लव उभी राहत नाही.

पट्ट्यांबद्दल एक गोष्ट. रणगाड्याचे पट्टे म्हटले की चकचकीत पोलाद रंगवायचं, अशी सवय असते. स्टुअर्टच्या या पट्ट्यांना रबराचे ठोकळे असतात. रबर घासून चमकत नाही, राखाडी पडतं, आणि त्याच्या कडा तुटतात. चमक येते ती दोन ठोकळे जोडणाऱ्या बाजूच्या लोखंडी दुव्यांवर. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं, काम झालं.

मळाला क्रम असतो, हे मी तुम्हाला आज मुख्यतः सांगायला आलोय. जो मळ आधी लागला तो खाली, नंतरचा वर. म्हणून रंगाला हात लावण्याआधी मी गाडीचा प्रवास कागदावर लिहून काढला. जम्मूच्या बाजूची कोरडी, फिकी धूळ सगळ्यात खाली, सगळ्या आडव्या पृष्ठभागांवर. मग काश्मीर खोऱ्यातली पिवळसर करेवा माती, चाकांच्या उंचीपर्यंत. मग पावसाने या दोन्ही धुळींचे काढलेले ओघळ, तेही वरून खाली, आणि ताडपत्रीच्या कडेखाली जास्त, कारण पाणी तिथूनच गळतं. मग बालतालचा ओला, राखाडी, खडे असलेला चिखल, फक्त खालच्या भागात. सगळ्यात शेवटी ताडपत्रीच्या घड्यांत अडकलेला थोडा बर्फ.

हा क्रम उलटा झाला तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण गाडी खोटी वाटते.

बर्फासाठी अनेक जण खाण्याचा सोडा वापरतात. काही वर्षांनी तो पिवळा पडतो. मी वापरली आपली पांढरी रांगोळी. दगडाची पूड आहे, पिवळी पडत नाही. मलमलीतून दोनदा चाळली आणि पातळ गोंदावर भुरभुरवली. धुळीचे रंगही तसेच केले, रांगोळीत पोस्टर कलरची पूड मिसळून. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बेळगावला, हे सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. परदेशी बाटल्या मागवल्याशिवाय छंद होत नाही, असं समजू नका.

आता इंजिन. या स्टुअर्टमध्ये दोन कॅडिलॅक पेट्रोल इंजिनं होती, जोडीने बसवलेली. बालतालच्या वर हवा विरळ होत जाते. झोजिलाच्या उंचीवर समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच हवा उरते. कार्बुरेटरला ते कळत नाही. तो पेट्रोल जवळपास तितकंच सोडतो, ते पुरतं जळत नाही आणि धुरातून काजळी येते. म्हणून मागच्या बाजूला एक्झॉस्टपाशी मी काळी, मऊ काजळी दाखवली आहे. पेट्रोल भरण्याच्या झाकणाभोवती दोन-तीन गडद ओघळ आहेत. लडाखला जाणाऱ्या ताफ्यांबरोबर मी झोजिला अनेकदा चढलो आहे. थंडीने बोटं बधिर झालेला माणूस कॅनमधून पेट्रोल ओततो, तेव्हा थोडं सांडतंच.

गंज मात्र तुम्हाला इथे फार दिसणार नाही. एका तरुण मित्राने विचारलं, "सर, अजून गंज हवा ना? जुनी गाडी आहे." मी म्हटलं, जुनी आहे, बेवारस नाही. या गाडीला क्रू आहे. ते रोज सकाळी तिच्याभोवती फिरतात, नट आवळतात, वंगण घालतात. म्हणून बघा, चाकांच्या मध्यभागी ग्रीसचा ताजा काळा ठिपका आहे. पुढच्या उतरत्या पत्र्यावर ड्रायव्हर जिथे पाय ठेवून चढतो, तिथे रंग घासून गेलाय. आणि पट्ट्यांखाली फळ्या आहेत. कडाक्याच्या थंडीत गाडी चिखलावर रात्रभर उभी ठेवली तर पट्टे जमिनीला गोठून चिकटतात. ज्याने फळ्या टाकल्या, तो उद्याचा विचार करून झोपला. मॉडेलमध्ये एकही माणूस नाही, पण त्या फळ्यांवरून तो आहे हे कळतं.

आणखी एक गोष्ट मी करत नाही. जळालेला रणगाडा, गोळ्यांची भोकं, रक्त. तंत्र अवघड नाही, आणि प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळतं. पण नोकरीत एकदा घाटातून दरीत गेलेली लॉरी आम्ही वर ओढून काढली होती. दरवाजा आत चेपला होता. सीटखाली ड्रायव्हरचा जेवणाचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला. त्याच्या घरी जायच्या सामानात तो डबा मी स्वतः ठेवला. तेव्हापासून चेपलेल्या पत्र्याकडे मला 'छान इफेक्ट' म्हणून बघता येत नाही. दुसऱ्यांनी तसं मॉडेल करू नये असं माझं म्हणणं नाही. पण करणार असाल तर ते कुणाचं आहे, एवढं आधी स्वतःला विचारा.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं. पहिलंच मॉडेल रणगाड्याचं नको. साधी जीप घ्या. संग्रहालयातली गाडी आकारासाठी जरूर बघा. अहिल्यानगरचं रणगाड्यांचं संग्रहालय त्यासाठी उत्तम आहे. मळासाठी मात्र ती उपयोगाची नाही, कारण तिथल्या गाड्या जपण्यासाठी रंगवलेल्या असतात. मळ बघायचा तर रस्त्यावर बघा. रेतीचा ट्रक, शेतातून आलेला ट्रॅक्टर, पावसाळ्यातली एस.टी. चाकामागे चिखल कसा उडतो, दरवाजाची मूठ कुठे चमकते, डिझेलचा ओघळ किती लांब जातो. एक वही ठेवा. आणि मॉडेलवर प्रत्येक डाग लावताना तो कुठून आला ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर लावू नका.

हे मॉडेल आता एका शाळेच्या वाचनालयात जाणार आहे. शेजारी पाटी असेल. तिच्यावर लढाईच्या तारखेबरोबर मी आणखी एक ओळ घातली आहे: "हा रणगाडा इथवर आणणाऱ्यांत पूल मजबूत करणारे, रस्ता खोदणारे आणि बुरुज पुन्हा चढवणारे होते." मुलं तोफ कुठे आहे विचारतील. विचारू द्या. तिथूनच गोष्ट सुरू होते.

तुमचे प्रश्न जरूर पाठवा, मी उत्तरं देईन. जय हिंद.