आधी पावसाचा हिशेब

हवामान बदलाचं राजकारण फक्त जागतिक परिषदांत रंगतं असं नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ते थेट धरणाच्या दारांशी येतं. खालच्या अंगाला असलेल्या जायकवाडी धरणात साठा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं, असा आदेश 2014 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं दिला. तेव्हापासून मुळा, भंडारदरा, निळवंडे या धरणांचं पाणी सोडायची वेळ आली, की आंदोलनं होतात, प्रकरण न्यायालयात जातं. पाऊस लहरी होईल तसा हा वाद वाढणारच.

पण मुळात पाणी पडतं किती आणि आपण वापरतो किती? नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं हा प्रश्न स्वतःला विचारला. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. मग डोंगरावर चर खोदले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती तिथली ग्रामसभा. पाऊस मोजून ती पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचं आणि गुरांचं पिणं, मग शेती. पाऊस कमी झाला, तर उन्हाळी पिकांना कात्री. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी, उसालाही बंदी. निसर्ग देईल तेवढ्यातच भागवायचं, हे गावानं एकत्र बसून ठरवलं.

तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत असा ताळेबंद जरूर मागा.