चार केबल, वेग किती?



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलंत. अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी स्विचच्या दोन-चार पोर्टांवर बोलणार आहे. ग्राहकाचा आपल्यावरचा विश्वास तिथेच बसतो आणि तिथेच उडतो.

विषय लिंक अ‍ॅग्रीगेशनचा. दोन स्विचमधल्या अनेक केबल बांधून त्यांचा एकच मार्ग करण्याची ही सोय १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विनोद भारद्वाज यांच्या ‘कल्पना’ या अमेरिकेतल्या कंपनीने ‘इथरचॅनेल’ म्हणून आणली. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली. २००० मध्ये आयईईईचं ८०२.३एडी हे मानक आलं आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेलं. इतकं मुरलेलं तंत्र, तरी आपण ग्राहकाला अजून सांगतो, ‘साहेब, एक गिगाबिटच्या चार केबल टाकल्या की चार गिगाबिट मिळतात.’ हे वाक्य आपण आता सोडलं पाहिजे.

एखादी सहकारी बँक घ्या. सर्व्हरला चार केबल, बॅकअपच्या स्टोरेजलाही चार. रोज रात्री एक टेराबाइट डेटा जायचा असतो. एक गिगाबिटवर त्याला सुमारे अडीच तास लागतात. आता चाळीस मिनिटांत आटपेल, असं बँकेला सांगितलेलं असतं. लागतात अडीच तासच. बिघाड कुठेच नसतो. फ्रेम मागेपुढे होऊ नयेत म्हणून एका संवादातल्या सगळ्या फ्रेम एकाच केबलवरून पाठवल्या जातात. वारीच्या वाटेवर एक दिंडी फुटून दोन रस्त्यांनी जात नाही, तसंच हे. दिंड्या पुष्कळ असतील तेव्हाच चारही रस्ते भरतात.

कोणती दिंडी कुठल्या रस्त्याने, हे हॅश, म्हणजे पत्त्यांवरून केबल निवडणारा हिशोब, ठरवतो. दोन राउटरांमधल्या बंडलवर वाटणी मॅक अ‍ॅड्रेसवरून ठेवली, तर दोन्ही पत्ते कायम तेच राहतात आणि सगळा भार एका केबलवर पडतो. तिथे आयपी आणि पोर्ट क्रमांक धरावे लागतात. शिवाय प्रत्येक टोक फक्त आपण पाठवतो त्या फ्रेमची वाटणी करतं. स्विचवर कितीही बदल केले तरी सर्व्हरकडून निघणारा भार सर्व्हरच्याच सेटिंगने वाटला जातो. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये हे विसरलं की माणूस रात्रभर स्विचशीच झगडत बसतो. केबलची संख्याही पाहा. सिस्कोच्या अनेक जुन्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये हॅशचे आठच वाटे असतात, त्यामुळे तीन केबलवर ते तीन-तीन-दोन असे पडतात.

आता माझा खरा आग्रह. बंडल ‘ऑन’ मोडमध्ये, म्हणजे समोरच्याला न विचारता, बांधणं थांबवा. त्यात समोरचा स्विच बदलला, त्याचं कॉन्फिगरेशन पुसलं गेलं, तरी आपल्या बाजूला पत्ता लागत नाही. मॅक अ‍ॅड्रेसच्या नोंदी तिकडे एका पोर्टवरून दुसऱ्यावर उड्या मारतात आणि काही यंत्रं अधूनमधून दिसेनाशी होतात. दोन इमारतींमध्ये फायबर आणि मीडिया कन्व्हर्टर असतील तर आणखी वाईट: मधली फायबर तुटते, पोर्टवरचा दिवा मात्र लागलेलाच राहू शकतो. मग अर्ध्या कचेरीचं काम चालतं, अर्ध्या कचेरीचं अडतं आणि तक्रार कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याऐवजी एलएसीपी, म्हणजे एकमेकांशी बोलून बंडल बांधण्याची पद्धत, असेल तर दोन्ही टोकं एकमेकांना निरोप पाठवत राहतात. संथ गतीत दर तीस सेकंदांनी, जलद गतीत दर सेकंदाला. सलग तीन निरोप चुकले की ती केबल बंडलमधून बाहेर पडते, म्हणजे नव्वद सेकंदांत किंवा तीन सेकंदांत. रुग्णालयात हा फरक मोठा आहे. किमान एक टोक ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवं. दोन्ही ‘पॅसिव्ह’ ठेवली तर दोघंही वाट पाहत बसतात. मी तर दोन्ही ‘अ‍ॅक्टिव्ह’च ठेवा म्हणेन.

बाकी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे: पोर्ट आधी बंद करायचे, वेग आणि व्हीलॅन सारखे ठेवायचे, पुढचे बदल बंडलवरच करायचे. होत नाही ती चाचणी. काम सोपवताना ग्राहकासमोर एकेक केबल काढून दाखवा. सुरू असलेली फाइल पुढे जाते का, किती सेकंद अडते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. फायबर असेल तर ती कन्व्हर्टरच्या पलीकडून काढा, कारण खरी परीक्षा तिथे आहे.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. आपल्या सदस्यांनी प्रत्येक बंडलमागे एक पान ग्राहकाकडे ठेवावं: कोणता पोर्ट कुठे जातो, मोड, निरोपाची गती, दोन्ही टोकांचा हॅश, एका संवादाला मिळणारा मोजलेला वेग आणि केबल काढल्यावर लागलेला वेळ. ते पान मराठीत असावं, म्हणजे बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही वाचता येईल. दुपारच्या सत्रात त्याचा मसुदा तुमच्यापुढे येईल. त्यात दुरुस्त्या सुचवा आणि आजच तो मंजूर करा, ही विनंती.