डोंगर दिसेनासा झाला तेव्हा

(रौप्यमहोत्सवी समारंभात बी विंगमधल्या एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. लॉकडाऊन उठल्यापासून आपण काहीजण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुठल्या ना कुठल्या बागेत जातो, त्याबद्दल बोला म्हणाले. मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे वेळ पाळणं माझ्याही हिताचं आहे.

बागेत कशाला जायचं, असं मला अनेकजण विचारतात. 'वहिनी, आपल्या सोसायटीत झाडं आहेत की, गच्ची आहे, खाली बाक आहेत.' खरं आहे. पण जुन्या सभासदांना आठवत असेल, आपण इथे राहायला आलो तेव्हा गच्चीवरून येऊरचा डोंगर संपूर्ण दिसायचा. पावसाळ्यात त्याच्यावर ढग उतरलेले दिसायचे. कोजागिरीला दूध आटवत आपण त्याच बाजूला तोंड करून बसायचो. मग समोर टॉवर उभा राहिला. त्याच्या जाहिरातीचा फलक आपल्याच रस्त्यावर लागला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'हिल व्ह्यू फ्लॅट्स'. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला फुकट दिसणारा डोंगर तिथे चौरस फुटाच्या भावात विकला गेला. आता आपल्या गच्चीवरून त्या टॉवरच्या बाल्कन्या दिसतात, आणि तिथे वाळत घातलेले कपडे.

यात मी कोणाला बोल लावत नाही. आपली सात मजली इमारत झाली, तेव्हा मागच्या चाळीतल्या लोकांचा डोंगर असाच गेला असणार. शहरात घराच्या खिडकीतलं दृश्य उसनं असतं. समोरचा प्लॉट रिकामा आहे तोवर ते आपलं. खरेदीखतात फ्लॅट लिहिलेला असतो, पार्किंग लिहिलेलं असतं, खिडकीतला डोंगर कुठेच लिहिलेला नसतो.

मग सगळ्यांच्या मालकीचं असं दृश्य शहरात कुठे राहतं? माझ्या मते ते सार्वजनिक बागेत, तळ्याच्या काठावर आणि टेकडीवर राहतं. तिथलं बाकडं कोणाच्या नावावर नसतं. तिथून जे दिसतं ते बंगल्यातल्या माणसालाही दिसतं आणि चाळीतल्या माणसालाही. आमच्या सहली सुरू झाल्या त्या याच विचाराने.

पहिली सहल अगदी जवळची केली, उपवनची. ठाणं हे तळ्यांचं शहर म्हणतात, पण आपण तळ्यांच्या बाजूने रिक्षातून जातो, थांबत नाही. उपवन येऊरच्या पायथ्याशी आहे. सकाळी साडेसहाला काठावर उभं राहिलं की समोर आपला तोच डोंगर आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब. सी विंगमधले काका म्हणाले, 'अरे, हा इथेच आहे की अजून!' मध्ये तळं आहे, पाण्यावर टॉवर बांधता येत नाही, म्हणून तो तिथून दिसतो. या डोंगराच्या पलीकडे बोरिवलीपर्यंत पसरलेलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, १०० चौरस किलोमीटरहून मोठं. एवढं मोठं जंगल आपल्या दाराशी आहे, ही किती शहरांना मिळणारी गोष्ट आहे!

मग हिंमत वाढली आणि आम्ही लोकल पकडून मुंबईला जायला लागलो. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनला गेलो तेव्हा मुलांनी विचारलं, 'आजी, लटकतंय काय?' लटकत काहीच नाही. ही बाग १८८१ ची, आणि ती आहे पाण्याच्या प्रचंड जलाशयाच्या डोक्यावर. आपल्या गेटजवळ जमिनीखाली टाकी आहे आणि तिच्यावर तुम्ही क्रिकेट खेळता, तसंच ते आहे, फक्त फार मोठं. खालचं पाणी दक्षिण मुंबईच्या नळांना जातं आणि वर लोक फिरतात. संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूला उभं राहिलं की अरबी समुद्रात सूर्य मावळताना दिसतो. रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क, म्हातारीचा बूट तिथलाच. तिथून खाली गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा तो अर्धगोल दिसतो. दिवे लागेपर्यंत थांबायचं, लवकर निघायचं नाही.

त्या दिवशी आमच्याबरोबर डी विंगमधल्या आजी होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या लिफ्टच्या खाली फारशा उतरत नव्हत्या. त्यांना टॅक्सीने वरपर्यंत नेलं आणि बाकावर बसवलं. तासभर त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'तीस वर्षं नोकरी केली, रोज व्हीटीला उतरले. पण समुद्र असा वरून कधी बघितलाच नाही. कायम साडेसहाची गाडी पकडायची घाई.' आपल्यापैकी किती जणांची हीच गोष्ट आहे! आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. तेव्हापासून त्यांनी फक्त दोन सहली चुकवल्या, त्याही नातीच्या लग्नामुळे.

राणीच्या बागेत आम्ही तीनदा गेलो. मुलं पेंग्विन बघायला जातात, जाऊ द्या. पण मोठ्यांनी तिथली झाडं बघावीत. ही बाग १८६२ सालची. जाड बुंध्याचा गोरखचिंच आहे, खोडालाच फुलं येणारा कैलासपती आहे, आणि उर्वशी नावाचं झाड आहे, त्याची लाल फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात. ती बघायची तर उन्हाळ्याच्या तोंडावर जा. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. ज्या बेटाला इंग्रजीत एलिफंटा म्हणतात, ते नाव त्याच हत्तीमुळे पडलं. दोन्ही ठिकाणं बुधवारी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक जागा सांगते, जी ऐकून बरेचजण नाक मुरडतात. धारावीच्या कडेला, मिठी नदीजवळ महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा. त्या कचऱ्यावर माती टाकून, झाडं लावून ३७ एकरांचं जंगल उभं केलं आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुलं झालं. आत पाच मिनिटं चाललं की बाहेरच्या हायवेचा आवाज मागे पडतो आणि फुलपाखरं दिसायला लागतात. पावसाळ्यानंतर जावं. शीव स्टेशनला उतरायचं.

आता जरा वेगळं बोलते. या बागा आपोआप राहिलेल्या नाहीत. राणीच्या बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना काही वर्षांपूर्वी आली, तेव्हा जुनी झाडं जातील म्हणून नागरिक पुढे आले. त्यांत बायका बऱ्याच होत्या. त्यांनी बागेत फिरून एकेका झाडाची माहिती लिहून काढली आणि ती मांडली. २०२३ मध्ये हँगिंग गार्डनखालचा जलाशय नव्याने बांधायचा विचार पुढे आला. बाग खणली जाईल, झाडं तोडली जातील, म्हणून त्या भागातल्या रहिवाशांनी आवाज उठवला आणि तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागली. पाण्याचा प्रश्नही खोटा नव्हता. जलाशय जुना आहे, दक्षिण मुंबईला पाणी हवंच. पण प्रश्न विचारणारी माणसं होती म्हणून दुसरा मार्ग आहे का, हे बघितलं गेलं. आणि प्रश्न कोणी विचारला? जे रोज तिथे जायचे त्यांनी. झाड कुठलं, ते कधी फुलतं, बाक कुठे आहे, हे ज्याला माहीत असतं त्यालाच ते जाणार म्हटल्यावर पोटात दुखतं. ज्या बागेत कोणी जात नाही, तिच्या बाजूने कोण बोलणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बागेत जाणं ही नुसती मौज नाही. मौज आहेच, ती आधी. पण आपण गेलो तरच ती जागा सगळ्यांची राहते. डोंगर दिसेनासा झाला म्हणून आपण फक्त हळहळलो. आता जे दिसतंय ते तरी राखू या.

त्यासाठी आजच्या दिवशी तीन गोष्टी सुचवते. पहिली, प्रत्येक सहलीला एका ज्येष्ठाबरोबर इमारतीतलं एक मूल असावं, स्वतःचं नातवंड नसलं तरी चालेल. मुलं मोबाईलवरून गाडीची वेळ बघतील, आपण त्यांना झाडाचं नाव सांगू. दुसरी, जवळच्या तळ्याकाठी दिवा बंद असेल, बाक मोडला असेल, बायकांसाठी स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर नुसतं घरी येऊन कुरकुर करायची नाही. प्रभाग समितीला सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्यायचा. सेक्रेटरी, मान डोलावलीत, सगळ्यांनी बघितलंय हं! आणि तिसरी, पाण्याची बाटली, टोपी, डबा आणि कचरा परत आणायला पिशवी, एवढंच न्यायचं. स्पीकर न्यायचा नाही.

खर्च विचाराल तर उपवनला रिक्षाचं भाडं, हँगिंग गार्डनला लोकलचं आणि बसचं तिकीट. तिथे आत शिरायला पैसे पडत नाहीत. राणीच्या बागेला तिकीट आहे, पण मॉलमधल्या एका कॉफीपेक्षा स्वस्त.

पुढची सहल येत्या दुसऱ्या रविवारी, उपवनलाच, कारण नवीन लोकांना जवळून सुरुवात केलेली बरी. सकाळी सहाला गेटपाशी जमायचं. वॉचमनच्या केबिनमध्ये वही ठेवली आहे, तिच्यात नाव आणि विंग लिहा. गुडघे दुखणाऱ्यांनी नावापुढे खूण करा, त्यांच्यासाठी वेगळी रिक्षा ठरवू.

दहा मिनिटं झाली. पानं मांडलेली दिसतायत.