स्थितीकरण : शिक्षणाचे आणि संसाराचे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या मंगल प्रसंगी ट्रस्टच्या शैक्षणिक व आर्थिक साहाय्याच्या कार्याविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली. मी विद्वान वक्ता नव्हे. कापडाच्या दुकानात हाती मीटर धरून माझे आयुष्य गेले, आणि वाणिज्य शाखेची पदवी घेतली तीही जमाखर्च नीट कळावा एवढ्यासाठीच. म्हणून आजचे माझे निवेदनही जमाखर्चाच्या अंगानेच असेल. जमेची बाजू सांगताना नावेची बाजू मी झाकून ठेवणार नाही, एवढे आश्वासन मात्र प्रारंभीच देतो.

सम्यग्दर्शनाची आठ अंगे आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केली. त्यांतील उपगूहन, स्थितीकरण आणि वात्सल्य ही तीन अंगे आपल्या ट्रस्टच्या कार्याचा पाया आहेत, असे मला वाटते. जो डळमळू लागला आहे त्यास पुन्हा स्थिर करणे म्हणजे स्थितीकरण. शास्त्रकारांनी हा शब्द धर्ममार्गावरून ढळणाऱ्यासाठी योजला, हे खरे. परंतु ज्याच्या घरी मुलाच्या फीची चिंता आणि सावकाराच्या व्याजाचा तगादा आहे, त्याचे चित्त सामायिकात कसे स्थिर राहावे? संसार सावरला तर धर्म सावरतो, ही गृहस्थाश्रमाची वस्तुस्थिती आहे. म्हणूनच आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने सांगताना आपल्या आचार्यांनी श्रावकाचा देह, बुद्धी आणि मन या तिन्हींचा विचार केला आहे.

हा विचार कृतीत आणणारी थोर परंपरा आपल्या भागास लाभली आहे. १८९९ साली स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. आपला समाज प्रामुख्याने शेतकऱ्यांचा व छोट्या व्यापाऱ्यांचा. मुलांना बुद्धी होती, पण शाळेच्या गावी राहण्या-जेवण्याची सोय नव्हती. हे ओळखून त्या पिढीने वसतिगृहांचे कार्य हाती घेतले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी सर्व समाजांच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला. सभेच्या कार्यात अग्रभागी असलेले अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. मुंबईत १९१५ साली आचार्य विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने महावीर जैन विद्यालय उभे राहिले. पंथ निराळे असले तरी तळमळ एकच होती.

आपल्या शेजारच्या कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण केल्याशिवाय या विषयास पूर्णता येणार नाही. ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात शिकले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले. त्याच विद्यार्थ्याने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. या इतिहासातून मी दोन गोष्टी शिकलो. साहाय्य करणाऱ्या संस्थेने आपल्या नियमांचा अहंकार बाळगू नये. आणि विद्यादानास जातीची कुंपणे घालू नयेत. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाल्यावर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, तेही याच परंपरेस शोभणारे कार्य होय.

आता आपल्या ट्रस्टकडे वळतो. आपल्या संस्थापकांनी प्रथमपासून एक दंडक पाळला. मंदिराचे द्रव्य मंदिराकडे आणि शिक्षणाचा निधी शिक्षणाकडे. दोन्ही खाती कधी मिसळली नाहीत. दुसरा दंडक असा की, शालेय विद्यार्थ्यांना वह्या, पुस्तके व गणवेश ही मदत म्हणून द्यावीत, परंतु महाविद्यालयीन शिक्षणासाठी द्यावयाची रक्कम बिनव्याजी, परतफेडीची शिष्यवृत्ती म्हणून द्यावी. प्रारंभी यावर टीका झाली. दान देऊन परत मागणे हे कसले दान, असे काहींनी विचारले. मी व्यापारी माणूस. मला हा हिशेब चटकन पटला. समजा, एका विद्यार्थ्यास ३० हजार रुपये देणगी म्हणून दिले, तर ते एकदाच उपयोगी पडले. तेच परतफेडीच्या बोलीवर दिले आणि नोकरी लागल्यावर त्याने दरमहा एक हजार रुपये परत केले, तर अडीच वर्षांत तीच रक्कम दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जाते. रक्कम फिरती राहते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहते. मी घेतले आणि मी फेडले, हे समाधान त्याला जन्मभर पुरते.

जमेची बाजू झाली. आता नावेची बाजू सांगतो. ही माझ्या स्वतःच्या खात्यावरील आहे.

काही वर्षांपूर्वी, मी शिष्यवृत्ती समितीत असताना, दुकान बंद करण्याच्या वेळी आपल्याच समाजातील एक गृहस्थ आले. त्यांचाही कापडाचा लहान व्यवसाय होता; तो नुकताच बसला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मुलीला बारावीत चांगले गुण मिळाल्याचे त्यांनी सांगितले. मी अभिनंदन केले. ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "एक शर्टपीस दाखवा." मी दाखविला, मोजून कापला, त्यांनी पैसे दिले आणि ते गेले. ज्या माणसाच्या घरात न खपलेल्या कापडाचे गठ्ठे पडून होते, तो माझ्याकडे कापड घेण्यास का आला, हा प्रश्न त्या रात्री मला पडला नाही. पुढच्या वर्षी कळले की प्रवेशाची रक्कम वेळेत न जमल्याने त्या मुलीचे वर्ष वाया गेले होते. मी विचारले, "मला का नाही बोललात?" ते एवढेच म्हणाले, "बोलायलाच आलो होतो, शेटजी."

बंधू-भगिनींनो, ट्रस्टच्या तिजोरीत त्या दिवशी पैसा होता. छापील अर्जही माझ्याच गल्ल्याजवळ ठेवलेले होते. नव्हते ते फक्त विचारणारे कोणी. आपला अर्जदार सात विश्वस्तांच्या रांगेपुढे उभा राहून आपली अडचण सांगेल, अशी आपली तेव्हाची पद्धत होती. ज्याने काल मंदिरात आपल्या शेजारी उभे राहून अभिषेक केला, तो आज हात जोडून आपल्यापुढे कसा उभा राहील? "जैन म्हणजे श्रीमंत" हा जगाचा समज आहे, आणि हा समज आपल्यातील गरजवंताचे तोंड सर्वांत अधिक बंद करतो.

त्यानंतर आपण पद्धत बदलली. निकालाच्या दिवसांत दोन विश्वस्त आणि महिला मंडळाच्या एक भगिनी घरोघरी जातात. सर्वच घरी जातात, म्हणजे कोणाकडे कशासाठी गेले याची चर्चा होत नाही. मुलांचे अभिनंदन होते आणि बोलता बोलता पुढील शिक्षणाचे विचारले जाते. त्या मुलीने दुसऱ्या वर्षी प्रवेश घेतला, शिक्षण पूर्ण केले आणि शिष्यवृत्तीची पूर्ण रक्कम फेडली. परंतु वाया गेलेले ते एक वर्ष मी कोणत्या खात्यात फेडू?

शिक्षणाच्या जोडीने संसाराच्या स्थैर्याचाही विचार करणे भाग आहे. आपल्या पेठेने गेल्या काही वर्षांत बरेच सोसले. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. १ जुलै २०१७ पासून कापडावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लाल चोपडीत हिशेब लिहिला त्यांना संगणकावरील विवरणपत्रे भरावी लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी दुकानांत शिरले. मधल्या काळात कोरोनाच्या टाळेबंदीत लग्नसराईचे दोन हंगाम गेले. अशा वेळी माणूस प्रथम दागिने गहाण टाकतो, मग खाजगी व्याजाने रक्कम उचलतो, आणि शेवटी मुलाचे शिक्षण थांबवून त्याला दुकानात बसवतो. ही उतरण्याची तिसरी पायरी येऊ नये म्हणून ट्रस्टने महापुरानंतर लहान दुकानदारांना माल भरण्यासाठी बिनव्याजी रकमा दिल्या आणि कर भरण्याचे काम आपल्यातील तरुण सनदी लेखापालांनी काही काळ विनामूल्य करून दिले. पैशाइतकेच ते ज्ञानही उपयोगी पडले.

येथे मला तरुण पालकांना एक विनंती करावीशी वाटते. सर्व भार ट्रस्टवर टाकू नका. राष्ट्रीयीकृत बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंतच्या कर्जास सामान्यतः तारण मागितले जात नाही, आणि परतफेड शिक्षण पूर्ण झाल्यानंतर सुरू होते. २०१४ च्या जानेवारीत जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे शासकीय योजनांची काही दारे उघडली. योजना वर्षागणिक बदलतात, म्हणून उत्पन्नाचा दाखला व इतर कागदपत्रे निकालापूर्वीच तयार ठेवावीत. अर्ज भरून देण्यासाठी ट्रस्टच्या कार्यालयात कार्यकर्ते बसतात. ट्रस्टची रक्कम ही शेवटची फट बुजविण्यासाठी असावी, संपूर्ण भिंत बांधण्यासाठी नव्हे.

आता निधीची खरी स्थिती सांगतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी कायम निधी उभारला, त्याच्या व्याजातून कार्य चालावे म्हणून. १९९५ च्या सुमारास बँकेतील मुदत ठेवीवर दहा-बारा टक्के व्याज मिळत असे. २०२० साली ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे पाच लाखांच्या ठेवीवर अकरा टक्क्यांनी वर्षास ५५ हजार रुपये येत. साडेपाच टक्क्यांनी २७ हजार ५०० येतात. या अवधीत अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणाचे शुल्क किती पटींनी वाढले, हे पालकांना सांगावयास नको. मुद्दल जसेच्या तसे असूनही निधी दुबळा झाला आहे. फलकावरील देणगीदारांची नावे पाहून निधी भक्कम आहे, असा समज कोणी करून घेऊ नये.

यावर उपाय आपल्याच हाती आहे. परिग्रहपरिमाण हे श्रावकाचे अणुव्रत आहे. आपण मर्यादा ठरविली तर मर्यादेपलीकडचे आपोआप समाजाचे होते. लग्नातील एक भोजन, स्वागताची एक कमान आपण कमी केली, तर एका विद्यार्थ्याचे एक वर्ष निभावते. पंचकल्याणक महोत्सवात आपण उत्साहाने बोली बोलतो. ती भक्ती वंदनीयच आहे. त्याच उत्साहाचा एक अंश शिक्षण निधीच्या वाट्यास यावा, एवढीच प्रार्थना. आणि ज्यांनी पूर्वी शिष्यवृत्ती घेतली व फेडली, त्यांनी घेतली तेवढी रक्कम आणखी एकदा, या वेळी देणगी म्हणून द्यावी. कर्ज फिटले असेल. ऋण अजून उरले आहे.

शेवटी एका निर्णयाविषयी. या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत पन्नास वर्षांतील सर्व लाभार्थींची नावे व छायाचित्रे छापावीत, अशी सूचना आली होती. ट्रस्टचे कार्य लोकांना दिसेल, हिशेबात पारदर्शकता येईल, असे तिच्यामागील म्हणणे होते. खरे सांगतो, प्रथम मीही तिला अनुकूल होतो. आमची हिशेबी माणसांची दृष्टीच तशी. मग मला तो शर्टपीस आठवला. पारदर्शकता रकमांची असावी, ती आहे. प्रत्येक वर्षाचे लेखापरीक्षण होते, आणि किती विद्यार्थ्यांना किती रक्कम दिली व किती परत आली, हे अहवालात छापलेले असते. नावे मात्र नोंदवहीतच राहावीत. विश्वस्त मंडळाने हे मान्य केले, याचा मला आनंद आहे.

उपगूहन अंगासाठी आपल्या शास्त्रात जिनेंद्रभक्त शेठची कथा सांगतात. ब्रह्मचाऱ्याच्या वेषातील चोर त्यांच्या मंदिरातील मौल्यवान रत्न घेऊन पळाला आणि पकडला गेला. तेव्हा धर्माची निंदा होऊ नये म्हणून, हे रत्न मीच आणावयास सांगितले होते, असे शेठ लोकांपुढे म्हणाले. त्यांनी दुसऱ्याचा दोषही झाकला. अडचण हा तर दोषही नव्हे. मग ती झाकणे आपल्याला अधिक सोपे नको का? कापड विकणाऱ्या माणसाला एवढे तरी कळले पाहिजे की वस्त्राचे पहिले काम झाकणे हे आहे, मिरवणे नंतरचे.

पुढील पन्नास वर्षांत आपल्या समाजातील एकाही मुलाचे वा मुलीचे वर्ष केवळ पैशाअभावी, आणि त्याहूनही केवळ संकोचाअभावी न बोलता आल्यामुळे नव्हे तर संकोचामुळे न बोलता आल्यामुळे, वाया जाऊ नये, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना करतो. बोलताना काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र!