पडक्या जागा आणि बंद दारे



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. छायाचित्र काढावे ते लग्नामुंजीचे, फार तर वेरूळच्या कैलासाचे. पडक्या भिंतीचे आणि बुजलेल्या विहिरीचे चित्र काढून मिळवायचे काय, असा प्रश्न आम्हांला पुष्कळदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही प्रथम तुम्हांला जपानात नेणार आहोत आणि तेथून युसूफ वडगावच्या शिवारात परत आणणार आहोत.

टोकियो शहरात १९७२ साली अकासेगावा गेन्पेई नावाच्या एका कलावंताला एका जुन्या मुसाफिरखान्याच्या भिंतीशी एक जिना दिसला. एका बाजूने चढावे, दुसऱ्या बाजूने उतरावे; वर दार मात्र नाही! मौज अशी की, त्या जिन्याचा कठडा मोडला होता तो कोणी तरी काळजीने दुरुस्तही केला होता. उपयोग संपला, पण निगा चालू आहे, अशा वस्तू हा गृहस्थ मग शोधूच लागला. त्यांना त्याने नाव दिले 'थॉमसन'. टोकियोच्या एका बेसबॉल संघाने मोठ्या पगारावर आणलेल्या, पण चेंडूला बॅट न लागणाऱ्या एका अमेरिकन खेळाडूचे ते नाव. पुढे १९८६ साली त्याने आणि वास्तुशास्त्रज्ञ फुजिमोरी तेरुनोबू यांनी मित्रांसह रस्त्यांचे निरीक्षण करणारे एक मंडळच काढले.

त्याच देशात ओसाड जागांची छायाचित्रे काढणाऱ्यांचाही मोठा वर्ग आहे. नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावर दगडी कोळशाची खाण होती. १९५९ साली त्या चिमुकल्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे राहत होती. १९७४ साली खाण बंद झाली आणि काही महिन्यांत बेट निर्मनुष्य झाले. आज तर जपानात २०२३ च्या पाहणीप्रमाणे सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत. मुले शहरात गेली, म्हातारी माणसे वारली, घर उरले.

आता आपल्याकडे वळू. तो वर न पोचणारा जिना आपल्या शिवारातही आहे, फक्त आपण त्याच्याकडे पाहत नाही. जुन्या विहिरीच्या काठाशी मोटेची धाव असते. बैलांनी नाडा-सोंदूर ओढीत त्या उतारावरून खाली जावे, मोट वर यावी, दगडी थारोळ्यात पाणी ओतले जावे, अशी ती रचना. विजेचे पंप आले आणि मोट गेली. धाव मात्र राहिली. तिच्यावरून आता कोणी जात नाही. कडबा वाळत घालतात, मुले घसरगुंडी खेळतात. जुन्या घरातले भिंतीतले बळद पाहा, अंगणाखालचे ज्वारीचे पेव पाहा, वाड्याची ढेलज पाहा. गावोगावच्या गढ्यांचे तर काय सांगावे! बुरूज ढासळले की त्यांची पांढरी माती गाड्या भरभरून शेतात जाते, आणि ज्या गढीने धान्य वसूल केले, तीच शेवटी पिकाचे खत होते. ही चित्रे कोणी काढली नाहीत, तर नातवंडांना 'मोट' हा शब्द सांगता येईल, पण दाखवता येणार नाही.

इथपर्यंत सारे गोड आहे. पण आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युसूफ वडगावच्या बाजूला एका वस्तीवर आम्ही पौष महिन्यात गेलो होतो. ओळीने दहा-बारा घरे, सर्वांना कुलपे, अंगणात पाचोळा. आम्ही आनंदाने चित्रामागून चित्र घेऊ लागलो. मथळाही मनात तयार झाला : 'उजाड'. तेवढ्यात एका ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "काय करायलास रं लेकरा?" आम्ही म्हणालो, "मावशी, उजाड घरांचे फोटो काढतोय." ती म्हणाली, "उजाड कशानं? पोरं कारखान्याला गेलीत. पाडव्यापत्तर येतील की."

आम्ही कॅमेरा खाली घेतला. ज्याला आम्ही ओसाड समजलो ते नुसते कुलूपबंद होते. बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाशेजारी कोपी घालून पाच-सहा महिने काढायचे. मागे राहतात ती म्हातारी माणसे, आणि नशीब असेल तर शाळेजवळच्या हंगामी वसतिगृहात लेकरे. आमच्या चित्रात कुलूप आले असते; ते कुलूप लावायला लावणारे कारण आले नसते.

दुसरे उदाहरण शेजारचेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद; तेच छत माणसांच्या अंगावर आले. हजारो माणसे गेली. पुढे पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवली आणि जुनी गावठाणे मागे राहिली. तिथल्या बाभळीतले एखादे जोते पाहुण्याला 'सुंदर भग्नावशेष' वाटेल. पण शेजारच्या नव्या गावात राहणाऱ्या एखाद्याला ते आपल्या आईचे स्वयंपाकघर आहे.

तात्पर्य काय? पडक्या जागेचे चित्र काढूच नये असे आमचे म्हणणे नाही. उलट अवश्य काढावे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, तेव्हा साधनाची सबब उरलेली नाही. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. आधी शेजाऱ्याला विचारावे. चित्राबरोबर गावाचे नाव, तारीख, वस्तूला त्या गावी जो शब्द असेल तो, आणि ती का टाकली गेली हे चार ओळींत लिहून ठेवावे. आणि काढलेल्या चित्राची एक प्रत त्या घरी पोचती करावी. एवढे केले, तर चित्र साक्ष होते. नाही तर ती दुसऱ्याच्या दुःखाची नुसती करमणूक ठरते.

त्या मावशीकडे आम्ही पाडव्यानंतर पुन्हा गेलो. कुलपे निघाली होती, अंगणे सारवली होती, चुली पेटल्या होत्या. त्याच घरांची, त्याच जागी उभे राहून आम्ही पुन्हा चित्रे घेतली. आमच्याजवळ आता ती दोन्ही आहेत, आणि एकाशिवाय दुसरे आम्ही कोणाला दाखवीत नाही.